हिरव्या दुधाचा केक

वाळू तापली की तिला वास सुटतो. ज्वारी भाजताना येतो तसा थोडा, आणि थोडा उन्हात पडून राहिलेल्या लोखंडी फाळाचा. वैशाखातल्या एका दुपारी हा वास आमच्या स्वयंपाकघरातून निघतो. मी कुठंही असलो, अगदी पलीकडच्या गल्लीत कुणाशी बोकडाच्या भावावरून हुज्जत घालत असलो, तरी मला कळतं की सुमननं मोठं पातेलं काढलं. आज केक.

यंदा पाऊस पळाला. चैत्र निम्मा झाला नाही तोच टँकर सुरू झाले. ओढा पांढरा पडलाय, बोरी-बाभळींना सावली उरलेली नाही, आणि बसमधून बीडला जाताना दोन्ही बाजूंची रानं कुणी सोलून ठेवल्यासारखी दिसतात. अशा सालात आमच्याकडं एकच गोष्ट मागेल तेवढी मिळते, ती वाळू. सुमन ती ओढ्यातून आणते, चाळणीनं चाळते, धुवायला पाणी नसतं म्हणून दोन दिवस कडक उन्हात पसरते आणि पत्र्याच्या डब्यात भरते. हा डबा तेलाच्या डब्याशेजारी बसतो. नवा पाहुणा विचारतो, "ह्यात काय हाय, वहिनी?" ती म्हणते, "वाळू." पाहुणा माझ्याकडं बघतो. मी दुसरीकडं बघतो. त्या डब्याची गोष्ट सांगायची तर एका माणसाची आठवण काढावी लागते, आणि ती काढली की माझं डोकं फिरतं.

त्या माणसाचं नाव मी लिहिणार नाही. चेअरमन म्हणतो. आमच्या गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन होते. ती संस्था आता राहिली नाही, नुसता गंजलेला बोर्ड आहे. पण आमच्याकडं माणूस एकदा चेअरमन झाला की मरेपर्यंत चेअरमनच असतो.

माझ्याबद्दलही दोन ओळी सांगतो. मी जनावरांचा व्यापारी. आमच्याकडं हेडी म्हणतात, आणि म्हणताना तोंड जरा वाकडं करतात. करू देत. मी नेकनूरच्या बाजारात अंबाडीची दावी विकायला बसायचो, तिथून उठून बैलांच्या रांगेत गेलो. कुणी हात धरून नेलं नाही. बैलाचा दात बघायला, चाल बघायला, आणि मालकाच्या डोळ्यांतली घाई बघायला मी स्वतः शिकलो. सौदा कसा करतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं म्हणून सांगतो. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात आणि वरून रुमाल टाकतात. मग रुमालाखाली बोटं बोलतात. एक बोट दाबलं, दोन दाबली, अर्धं पेर दाबलं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. जमलं तर जमलं. नाही जमलं तर रुमाल झटकून खांद्यावर टाकायचा आणि चालू पडायचं. कुणी किती बोटं दाबली ते बाजारात कधी बोलायचं नाही. हा आमचा एकच नियम, आणि तो कुठंही लिहिलेला नाही.

ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहितोय तोही यंदासारखाच होता, किंबहुना जास्त वाईट. माळावर चारा छावणी पडली होती. आमची म्हैस चंद्री छावणीत होती. सुमन पहाटे उठून माळावर जायची, चंद्रीचं दूध काढायची आणि तिथूनच परस्पर दूध संस्थेत घालायची. सोबत पल्लवी, आमची मुलगी, तेव्हा सहा वर्षांची. छावणीत चारा म्हणून काय मिळायचं, तर उसाचं वाढं. म्हणजे उसाचे वरचे हिरवे शेंडे. नुसतं वाढं खाऊन म्हैस जगते, पण दूध पातळ होतं. सगळ्या गावाच्या म्हशी तेच खात होत्या, त्यामुळं सगळ्या गावाचं दूध पातळ होतं. हे संस्थेच्या सेक्रेटरीला माहीत होतं, चेअरमनला माहीत होतं, चंद्रीलासुद्धा माहीत असावं.

संस्थेत दूध मोजायच्या आधी त्यात काचेची नळी सोडत. ती किती बुडते त्यावरून डिग्री ठरे. डिग्री लागली नाही की दूध परत. आणि परत करताना त्यात रंग टाकत. का, तर तेच दूध दुसऱ्याच्या कॅनमधून संध्याकाळी पुन्हा येऊ नये. रंग खायचाच असायचा, हलवाई बर्फीत घालतात तो. पूर्वी केशरी टाकत. पण एका बहाद्दरानं ते परत केलेलं केशरी दूध वेलदोडा घालून फाट्यावर मसाला दूध म्हणून विकलं. तेव्हापासून संस्थेनं हिरवा रंग आणला. हिरवं दूध कोण पिणार?

तो रंग टाकणं म्हणजे आमच्या गावात तोंडाला काळं फासण्यासारखंच होतं. कॅन घेऊन घरी जाणाऱ्या बाईकडं लोक बघायचे. आत हिरवं आहे का, याचा अंदाज तिच्या चालीवरून काढायचे.

त्या दिवशी चेअरमन स्वतः संस्थेत येऊन बसले होते. एरवी ते सकाळी येत नसत. सुमनचा नंबर आला. सेक्रेटरीनं नळी सोडली. डिग्री काठावर होती, सगळ्यांचीच होती. सेक्रेटरी माप घ्यायला वाकला, तेव्हा चेअरमन खुर्चीतून म्हणाले, "पाणी हाय त्यात. रंग टाका."

सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, काठावर हाय. वाढ्याचं दूध..."

"टाका म्हटलं ना."

रांगेत वीस बायका होत्या. सेक्रेटरीनं डबी उघडली आणि चिमूटभर पूड दुधात सोडली. पल्लवी सांगते, तिला अजून ते दिसतं. आधी पांढऱ्यावर एक गडद ठिपका, मग त्याला फुटलेल्या मुळ्या, आणि मग सेक्रेटरीनं पळी फिरवली तसं सगळं दूध एकदम पोपटी.

ज्या साली प्यायला पाणी नव्हतं, टँकरपुढं घागरीवरून बायकांच्या झिंज्या ओढल्या जात होत्या, त्या साली माझ्या घरावर दुधात पाणी घातल्याचा आळ. पाणी आणणार कुठून होतो आम्ही? डोळ्यांतून? हे मी कितीतरी लोकांना विचारलंय. अजून विचारतो.

सुमननं काय केलं ते मला नंतर शेजारच्या मीरामावशींनी सांगितलं. मीरामावशी रांगेत तिच्या मागंच उभ्या होत्या. सुमननं कॅन उचलला, पदर खोचला आणि सेक्रेटरीला एवढंच विचारलं, "भाऊ, हा रंग खायचाच हाय ना? पक्कं?"

"खायचाच हाय, वहिनी. बर्फीत असतो तोच." त्याच्यानं वर बघवत नव्हतं.

"बरं." असं म्हणून ती निघाली. कॅनला झाकण लावलं नाही. काढलेलं दूध कोमट असतं, झाकलं की उन्हात नासतं, म्हणून नाही लावलं, असं ती म्हणते. मला ते कारण पटतं आणि पटतही नाही. संस्थेपासून आमच्या घरापर्यंत सगळी पेठ लागते. त्या पेठेतून ती उघड्या कॅनमध्ये हिरवं दूध घेऊन, एका हातात मुलीचं बोट धरून, नेहमीच्या चालीनं आली. मी बाजारात हजारो जनावरं चालताना पाहिलीत. चालीवरून मला दम कळतो. अशी चाल मी नाही पाहिली.

मी दारात उभा होतो. कॅनमध्ये बघितलं आणि काठी घ्यायला आत वळलो.

"कुठं निगालात?" सुमन म्हणाली.

"त्याचं टाळकं फोडायला."

"वरडून आन् फोडून दूध पांढरं व्हनार हाय का?"

"मग काय करू? हिरवं पेऊ?"

पल्लवीनं कॅनमध्ये डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आई, हे तर केकवानी दिसतंय."

मांजरसुंब्याच्या फाट्यावर एका बेकरीच्या काचेत हिरव्या पानाफुलांचा केक ठेवलेला असायचा. बस थांबली की ही पोर खिडकीला नाक लावून बघायची आणि मागायची. मी दरवेळी म्हणायचो, "तो केक प्लास्टिकचा हाय." व्यापारी माणूस, काय सांगणार.

सुमननं पोरीकडं बघितलं, दुधाकडं बघितलं, आणि मला म्हणाली, "तुमी जावा कुठं जायचं ते. येताना वाळू आणा."

मी संस्थेत गेलो. काठी ठेवून गेलो, एवढंच तिचं ऐकलं. आवाज मात्र घेऊन गेलो. चेअरमन खुर्चीतच होते.

"म्हैस हितं आणतो," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांदेखत काढतो. मग सोडा नळी. पाणी निगालं तर म्हैस संस्थेच्या दावणीला बांदून जातो."

माझ्या मते हा सौदा चांगला होता. कुणीही घेतला असता. चेअरमन म्हणाले, "म्हशी आणायला हा काय नेकनूरचा बाजार हाय का बे, नामदेव?"

बाजार हा शब्द त्यांनी जरा दाबून म्हटला. मला त्याचा अर्थ बरोबर कळला. तो मी तेव्हा सुमनला सांगितला नाही. इथंही थोडा उशिरानं सांगतो.

येताना ओढ्यातून वाळू आणली. टोपलं दारात आपटलं आणि बसलो. मग पुढचे दोन तास मी नुसतं बघत राहिलो. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसून कुणाकडं बघायची वेळ कमी येते.

बचत गटाच्या बायकांना एकदा बीडला शिबिराला नेलं होतं. तिथं एका बाईनं भट्टीशिवाय केक कसा करायचा ते दाखवलं होतं. सुमननं ती कृती संस्थेच्या दूध-कार्डाच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून आणली होती आणि कधी करून बघितली नव्हती. तिनं ते कार्ड चुलीशेजारी भिंतीला खोचलं. आधी दूध चुलीवर ठेवलं. हिरवं दूध उकळताना कसं दिसतं ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. उतू यायला लागलं की कोवळ्या हरभऱ्याचं रान वाऱ्यानं हलल्यासारखं वर यायचं. सायसुद्धा हिरवी आली. तिनं ती सुरीच्या टोकानं उचलून मला दाखवली. जाड होती. पाणी घातलेल्या दुधावर अशी साय धरत नाही.

"दिसली का?" एवढंच म्हणाली.

निम्मं दूध तिनं आटवायला ठेवलं. उरलेल्यात रवा भिजवला, घरचं दही घातलं. साखर होती ती कारखान्याच्या शेअरवर दिवाळीत मिळालेली, मुंग्यांपासून वाचवून माठात बांधून ठेवलेली. शेवटी चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि सगळं फसफसून वर आलं. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत हिरवे झाले होते, मेंदीचा ओला लेप असतो तसे. मोठ्या पातेल्यात बोटभर वाळू पसरली, तिच्यावर ताटली उपडी घातली, ताटलीवर तूप लावलेला डबा ठेवला आणि वर झाकण. झाकणाच्या कडेला कणीक लावून वाफ कोंडली. किती वेळ ठेवायचं ते कार्डावर लिहिलेलं होतं, पण घड्याळ बंद होतं. ती म्हणाली, "टँकर येऊन जाईस्तोवर."

शेवटी टँकर आला. बायका पळाल्या. सुमनही पळाली, दोन घागरी भरून परत आली, पदरानं तोंड पुसलं आणि झाकण काढलं.

केक तपकिरी होता.

वरून बघितलं तर भाजलेल्या भाकरीसारखा, कडेनं जरा करपलेला. पल्लवीचं तोंड उतरलं. "रंग जळाला," ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं. मनात म्हटलं, झालं, घरातसुद्धा आपलंच नुकसान. सुमननं डबा उपडा केला, थोडा निवू दिला आणि मधोमध सुरी घातली.

आतून तो हिरवा निघाला. पाण्याखालचं शेवाळ नाही, पोपट नाही, कशाचीच उपमा लागत नाही. दूध होतं त्याच्या दुप्पट हिरवा. बाहेर बघावं तर नजर जाईल तिथवर करडं आणि पिवळं, आणि आमच्या पितळी ताटात ही हिरवी फोड, तिच्यातून वाफ निघतेय. आटवलेला खवा तिनं वर थापला, तोही हिरवा. त्या उन्हाळ्यात सबंध शिवारात एवढी हिरवी वस्तू दुसरी नव्हती, हे मी पैजेवर सांगतो.

आता यात कौतुक कशाचं, असं कुणी म्हणेल. दूध वाया जाऊ नये म्हणून बाईनं केक केला, बस. पण मी घासाघीस करून जगलेला माणूस आहे. समोरच्यानं टाकलेला डाव उलटवायचे मला दोनच मार्ग येतात. मोठ्यानं बोलायचं, नाहीतर त्याच्यापेक्षा खाली उतरायचं. सुमननं तिसरा काढला. ज्या रंगानं आमची मान खाली जायची होती, तो तिनं रवा, दही, साखर घालून वाफवला आणि गल्लीत वाटला. वाटताना कुणाला काही सुनावलं नाही.

गल्लीतल्या सगळ्या पोरांनी खाल्ला. मीरामावशींनी खाल्ला, दुसऱ्यांदा मागितला, आणि "हे दूध न्हाई गं, खवा हाय, पाण्याचं दूध असं बसतच न्हाई" असं मोठ्यानं म्हणाल्या. खाताना कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी आलं. ज्यांनी ज्यांनी केक खाल्ला होता त्यांच्या जिभा हिरव्या झाल्या होत्या, आणि धुवायला पाणी कुणाकडं होतं?

दुसऱ्या दिवशी संस्थेत मीरामावशींच्या मागची एक बाई त्यांच्याकडं बोट करून बोलली. "सुमनच्या दुधात रंग टाकला, मग हिची डिग्री बी तेवढीच हाय. हिच्यात कावून न्हाई टाकत?" चेअरमननं डबीकडं बोट केलं. सेक्रेटरीला मीरामावशींच्याही दुधात रंग टाकावा लागला. मीरामावशी हिरवा कॅन घेऊन घरी गेल्याच नाहीत, थेट आमच्या दारात आल्या.

"सुमन, वाळू तापली का गं?"

तिसऱ्या दिवशी दोन कॅन आले. चौथ्या दिवशी तर पोरं कॅन यायच्या आधीच संस्थेपुढं जाऊन बसली. नळी दुधात सोडली की ती एका सुरात ओरडायची, "रंग टाका! रंग टाका!" आणि सगळ्यांच्या जिभा बाहेर. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चेअरमननं काठी उगारली, तर पोरं पळाली आणि वडाच्या मागून पुन्हा ओरडली.

त्याच सकाळी चेअरमननं सेक्रेटरीला विचारलं, "काय करायचं बे आता?" सेक्रेटरी उत्तर द्यायला तोंड उघडून पुन्हा मिटून बसला. चेअरमनला शंका आली.

"जीभ दाखव."

त्यानं दाखवली. आदल्या संध्याकाळी तो आमच्या घरी येऊन माफी मागून गेला होता, आणि सुमननं माफीच्या आधी ताटली पुढं केली होती.

चारचौघांत, हिरवी जीभ तशीच बाहेर आल्यावर माणसाला लपवायला काही राहत नाही. सेक्रेटरी म्हणाला, "साहेब, मी खवा हातात घेऊन बघितला. दोन बोटांत दाबून बघितला. त्या दुधात पाणी न्हवतं."

चेअरमननं टोपी नीट केली. उठून गेले. दुसऱ्या दिवशीपासून त्यांचं सकाळी येणं बंद झालं, सेक्रेटरीनं रंगाची डबी कपाटात ठेवली, आणि सुमनचं दूध पहिल्यासारखं संस्थेत जायला लागलं. गोष्ट म्हटली तर इथं संपते. सगळे हसले, सगळ्यांचं भागलं. माझं भागलं नाही. मला चेअरमनच्या तोंडून ऐकायचं होतं. "पाणी न्हवतं." दोनच शब्द, वीस बायकांपुढं. सेक्रेटरीनं म्हणून उपयोग नाही, आळ ज्यानं घेतला त्यानं तो मागं घ्यावा. मी त्या दिवसापासून चेअरमनशी बोलणं सोडलं. लग्नात समोरासमोर पंगत आली तर पान उचलून दुसरीकडं बसायचो. सुमन म्हणायची, "झालं न्हवं आता?" मी म्हणायचो, "न्हाई झालं."

आता बाजाराचं सांगतो.

त्या सकाळच्या आठ दिवस आधी नेकनूरच्या बाजारात माझ्याकडं उमापूरकडची एक खिलार जोडी विकायला होती. दुष्काळात बैलाला गिऱ्हाईक नसतं, पण ही जोडी बघितली की चालणारा माणूस थांबायचा. चेअरमन थांबले. हातात हात दिला, रुमाल टाकला. त्यांनी बोटं दाबली. मी वाट बघितली, वाटलं अजून दाबतील. नाही दाबली. तेवढ्या पैशात ती जोडी म्हणजे खाटकाचा भाव. माझं डोकं फिरलं. मी रुमाल ओढून फेकला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडलो, "ऐका हो! दूध संस्थेचे चेअरमन खिलार जोडीला किती देत्यात ऐका!" आणि आकडा सांगितला.

बाजार हसला. चेअरमनचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मला आठवतं. एक म्हातारा हेडी, ज्याला लांबून बघून बघून मी दात बघायला शिकलो, जवळ येऊन हळू म्हणाला, "पोरा, रुमालाखालचं रुमालाखाली ठेवावं. आज तू धंद्याची अब्रू घालवलीस." मी त्यालाही उलट बोललो. माझं खरं होतं. भाव वाईटच होता. पण खरं असलं तरी ते रुमालाखालचं होतं.

चारचौघांत मी जे उघडं केलं, त्याची फेड चारचौघांत हिरव्या रंगानं झाली. फक्त माझ्या तोंडाला फासायचा रंग सुमनच्या कॅनमध्ये पडला. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणूनच कदाचित माझा राग इतकी वर्षं टिकला. कमी चूक असलेल्या माणसाचा राग लवकर विझतो.

तेव्हापासून दर वैशाखात सुमन हा केक करते. चंद्री गेली, संस्था गेली, घरात गॅस आला, पण केक वाळूतच होतो. आता रंग ती स्वतः आणते, छोट्या डबीतला. सुरीच्या टोकावर राहील एवढाच घेते, आधी चमचाभर कोमट दुधात कालवते, नाहीतर ठिपके राहतात. मग दुधात सोडते. त्या वेळी ती एकटी असेल तर पळी लगेच फिरवत नाही. ठिपक्याला मुळ्या फुटताना थोडा वेळ बघत राहते. मी दारातून पाहिलंय. पल्लवी आता पुण्याला असते, तिच्याकडं ओव्हन आहे, विजेवर फिरणारी रवी आहे. परवा फोनवर आईला म्हणाली, "तुझ्यासारखा हिरवा होत नाही गं माझा." सुमन म्हणाली, "वाळू न्हाई ना तुझ्याकडं."

यंदाचा केक होऊन दोन दिवस झाले होते. मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडीची वाट बघत एका हॉटेलच्या बाकावर बसलो होतो. पलीकडच्या बाकावर चेअरमन. आता थकलेत, डोक्यावरची टोपी मोठी वाटते. मी सवयीप्रमाणं तोंड फिरवलं. तेवढ्यात त्यांनी लांब जांभई दिली आणि माझी मान आपोआप परत वळली.

त्यांची जीभ हिरवी होती.

मी बघतच राहिलो. त्यांनीच तोंड उघडलं. "काय बघतूस बे?"

"जीभ," मी म्हणालो. कितीतरी वर्षांनी त्यांच्याशी बोललेला माझा हा पहिला शब्द.

"दरसाल येतो डबा तुझ्या घरून. शेवटची फोड आज सकाळीच खाल्ली. तुला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. बाजारात जनावराचा दात न बघता वय सांगणारा मी, आणि माझ्या घरातून दर वैशाखात एक डबा जातो हे मला माहीत नव्हतं. पहिल्या सालापासून जातो, असं चेअरमन म्हणाले. पहिला डबा आला तेव्हा त्यांनी तो परत पाठवला होता. सुमननं तो पुन्हा पाठवला, वर खवा जास्त लावून.

"मग कावून खाल्लात?"

"गोड होता." मग म्हणाले, "आन् खव्यावरून कळतंच की माणसाला."

माझं डोकं भणभणलं. एवढी वर्षं कळत होतं तर! मी बाक सोडून उठलो. "मग एकदा म्हणा," मी म्हणालो. "हितं फाट्यावर, चार माणसांपुढं म्हणा. पाणी न्हवतं म्हणून."

हॉटेलवाला भज्याचा झारा हातात धरून आमच्याकडं बघायला लागला. चेअरमननं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"चार माणसांपुढं तू माझा भाव बोललास," ते म्हणाले. "चार माणसांपुढं मी तुझं दूध रंगवलं. बायकू तुझी शानी निघाली म्हणून दोघंबी वाचलो. आता अजून चार माणसं कशाला पायजेत? बस हितं."

मी बसलो. त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, हात पुढं केला. मी हात दिला. वरून रुमाल पडला. त्यांची बोटं आता काटक्या झालीत, पण बाजारातला माणूस बोटं विसरत नाही. त्यांनी दाबली. मीही दाबली.

काय बोलणं झालं ते मी सांगणार नाही. रुमालाखालचं रुमालाखाली राहतं.

घरी आलो तेव्हा सुमन पातेल्यातली वाळू परत डब्यात भरत होती. "उशीर केलात," म्हणाली. मी म्हणालो, "पुढच्या वैशाखात चेअरमनचा डबा मी नेऊन देणार हाय." तिनं वर बघितलं, हातातली वाळू तशीच धरून. मग डब्याचं झाकण लावलं आणि तो तेलाच्या डब्याशेजारी सरकवून ठेवला.